दाजीच्या मनगटाचं माप

“दाजी, तुमच्या मनगटाचा घेर किती मिलिमीटर हाय?”

साखरपुड्याचा मांडव गच्च भरलेला, नवरदेव हरिओमनं नुकताच पेढा तोंडात टाकलेला. पेढा तिथंच थांबला. विचारणारी नवरीची धाकटी बहीण रेणुका, दहावीतली. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून गप्प बसणं तिला पाप वाटायचं. मागं तिच्या मैत्रिणी प्रियांका आणि राजनंदिनी ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. “भर मांडवात विचारून दाखव, मंग मानू तुला,” ही पैज त्यांचीच.

पण प्रश्न नुसता पैजेचा नव्हता. अप्पांना, म्हणजे दत्तरावांना, लग्नात जावयाच्या हातात भारी घड्याळ घालायचं होतं. निवडायचं काम त्यांनी रेणुकाकडं दिलं होतं आणि अटही घातली होती.

“बरोबर बसलं तं अकरावीला परभणीच्या होस्टेलवर जा. चुकलं तं हितंच, जिंतुरात, माझ्या डोळ्यासमोर. अन बाहीर कुनाला कळू द्यायचं न्हाई.”

हरिओम पेढा गिळून काही बोलणार, तोच त्याची आई केशरबाई पुढं सरकली. “त्याला काय कळतंय माप? मी मानवतला घरी गेल्यावर मापाचा दोरा पाठवते.” तिचा चेहरा एकाएकी असा उजळला, की रेणुकाला आपण फार चांगला प्रश्न विचारला असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरनं काडेपेटी आणून दिली. आत दोन्ही टोकांना गाठ मारलेला काळा दोरा. रेणुकानं कंपासमधली पट्टी लावली. एकशे नव्वद मिलिमीटर.

“आई, दाजी तं तुरीच्या काडीवानी हायेत. एवढं मनगट?”

“हाडपेर असंल,” नर्मदाबाई म्हणाली. “अन परक्याच्या पोराला काडी म्हनू नये.”

परभणीच्या दुकानात गादीवर चार घड्याळं मांडली गेली. दुकानदार समजावू लागला, “हे गोल. हे चौकोनी. हे उशीसारखं, कोपरे गोल केलेलं. अन हे मधे फुगलेलं, पिंपासारखं.”

“लग्नात पिंप कशाला?” अप्पा म्हणाले. “गोलच दाखवा. पण लांबून दिसाया पाहिजे.”

“किती मोठं ते मनगटावर हाय. पट्टा जिथं अडकतो ना, ती ही शिंगं. शिंगं मनगटाच्या बाहेर गेली की घड्याळ मोठं झालं समजायचं.”

शिंगं म्हटल्यावर बैलबाजारात मुरलेल्या अप्पांचं सगळं लक्ष लागलं. त्यांनी घड्याळ उचललं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं, पाठीवर थाप मारली. “शिंगं बरी हायेत. दात किती?”

“अप्पा, घड्याळ हाय ते,” रेणुका कुजबुजली. मग दोरा दाखवून ठसक्यात म्हणाली, “एकशे नव्वदच्या मनगटाला चव्वेचाळीस मिलिमीटरची तबकडी बसंल. जाडी जास्त नको, बाहीत अडकंल.” दुकानदारानं मान डोलावली आणि स्टीलच्या पट्ट्याच्या कड्या काढून तो दोऱ्याच्या मापाचा करून दिला.

लग्नात भटजींनी हाक दिली. अप्पांनी डबी उघडली. केशरबाईनं मान लांब करून आत डोकावलं आणि तिचा चेहरा पडला. अप्पांनी घड्याळ हरिओमच्या हातात घातलं. हरिओमनं नमस्काराला हात उचलले, घड्याळ सरसर कोपरापर्यंत गेलं. त्यानं हात खाली केले, घड्याळ पंजावरून सुटून कुंकवाच्या ताटात पडलं. लाल धुरळा उडाला. भटजी मिशीपासून धोतरापर्यंत सौभाग्यवती झाले.

“रेणे,” अप्पा दात आवळून म्हणाले, “जिंतूर.”

“आवो, पोरीनं मोजलंच उलटं,” केशरबाई घाईघाईनं म्हणाली.

तेवढं रेणुकाला पुरे होतं. तिनं पर्समधून काळा दोरा काढला. हरिओमच्या मनगटाला लावला, तर आत लिंबू मावेल एवढी जागा उरली. मग ती वऱ्हाडातल्या एकेका पाहुण्याचा हात धरत चालली. कुणाला सैल, कुणाला फारच सैल. शेवटी हरिओमचा थोरला भाऊ मुंजाजी, कुस्त्या खेळलेला, भिंतीएवढा. दोरा गाठीला गाठ बसला.

“ह्यो तं माझाच दोरा,” मुंजाजी भोळेपणानं म्हणाला. “आईनंच घेतला की माप.”

बँडवाल्यांनीही वाजवणं थांबवून माना लांब केल्या.

“मला वाटलं सोन्याचं कडं करायलेत,” केशरबाई पदर सारखा करत पुटपुटली. “कड्याला मनगट जरा दांडगं बरं असतंय.”

हरिओमला पहिल्यांदा हसू आलं. त्यानं घड्याळ पुसून अप्पांच्या हातात दिलं. “मामा, मला वेळ मोबाईलमधी दिसती. तुमीच घाला.”

“घाला, घाला,” केशरबाई लगेच म्हणाली. तिला तो विषय मिटायला हवा होता.

अप्पांच्या बैलजोडी हाकून कमावलेल्या मनगटावर घड्याळ बसलं ते शिंगांसकट. आठवडा झाला, अप्पा म्हशीची धार काढतानाही ते काढत नव्हते. कुणी विचारलं नाही तरी ते रस्त्यानं जाणाऱ्याला किती वाजले ते सांगत. अटीबद्दल मात्र चकार शब्द नाही.

रविवारी जेवताना रेणुकानं ताट बाजूला सरकवलं आणि भाषणाला उभी राहते तशी उभी राहिली.

“अप्पा, आई, माझं ठरलंय. माप माझं बरोबरच होतं, मनगट दुसऱ्याचं होतं. मी अकरावीला परभणीलाच जानार.” अप्पांचा घड्याळाचा डावा हात हळूच पाठीमागं जायला लागला. “अन अप्पा, न्हाई म्हनायचं असंल, तं आधी ते घड्याळ काढून हितं ताटात ठेवा.”