ओव्याचे दोन कोट

कोंबड्यांच्या खाद्याला स्प्रे-गनने दोन कोट मारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या डोक्यावर राहतो. म्हणजे निगडीत, आमच्या वरच्या मजल्यावर.

बबनअण्णांची सगळी नोकरी गाड्यांच्या कंपनीत, पेंट शॉपमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी चाकणच्या पुढे, गावाकडच्या जमिनीवर ब्रॉयलर कोंबड्यांची शेड घातली. पण पेंट शॉप काही अंगातून उतरलं नाही. ओवा, लवंग, दालचिनीचं तेल साध्या तेलात मिसळायचं, गनमध्ये भरायचं आणि मिक्सर फिरत असताना खाद्यावर फवारायचं. "पयला कोट पातळ, दुसरा सारखा. ओघळ दिसला की जॉब रिजेक्ट!" आमच्याकडे जेवायला आले तरी तोच कायदा. पोळी उलटीपालटी करून माझ्या बायकोला म्हणणार, "वहिनी, कडंला तुपाचा कोट बसला न्हाई."

तेलाचं मूळ डोकं त्यांच्या बायकोचं, हौसाकाकूंचं. "लेकराचं पोट दुखलं की आपण ओवा देतो, मग पिलांनाच पावडरी कशापायी?" असं त्या म्हणायच्या आणि मूठभर पिलांच्या खाद्यावर अण्णांकडून तेल मारून बघायच्या. पावडरी म्हणजे अँटिबायोटिक. गेल्या वर्षी काकू गेल्या आणि अण्णांनी त्यांचं म्हणणं पुरतं मनावर घेतलं. पिलं आणि खाद्य पुरवणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरने हो-ना करत एकच बॅच तेलावर वाढवायला परवानगी दिली. वजन भरलं तर तेल चालू, नाहीतर पुन्हा पावडर.

"हिचं म्हणणं खोटं पडता कामा न्हाई राव," अण्णा म्हणायचे.

झालं! सगळी बिल्डिंग कामाला लागली. अण्णांच्या खिशात मिश्रणाची बाटली कायमची. भेटेल त्याच्या नाकाखाली धरायची आणि विचारायचं, "हुंगा! कडक हाय का मवाळ?" लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर बँकेत कॅशियरला. वॉचमनची जुनी सर्दी त्या बाटलीने पळाली म्हणतात. मी चिडवायचो, "अण्णा, कोंबड्या आतूनच मसाला लावून देणार की काय?" ते खूश होऊन माझ्या पाठीत धपका घालायचे. रोज संध्याकाळी पिलांची बातमी ऐकल्याशिवाय मलाही चहा गोड लागेना.

एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "राव, या लवकर. पाखरं खायनाशी झाली."

मी गाडी काढली. शेडच्या दारातच डोळ्यांतून पाणी आलं. नाक तर पेटलंच. सगळ्या कोंबड्या खाद्याच्या भांड्यांपासून लांब, भिंतीला लागून उभ्या. आणि मधोमध अण्णा, हातात गन घेऊन, अगदी शांतपणे श्वास घेत.

"अहो अण्णा, केवढं तेल ओतलंत! वास येत नाही का तुम्हाला?"

"न्हाई," अण्णा म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा. पण ते खाली बघत होते. "थिनरनं नाक कवाच गेलं. ही हुंगून सांगायची, बास करा म्हणून. आता इचारत फिरतो लोकांना. काल बिल्डिंगीत कुनी गावलं न्हाई, म्हनलं अंदाजानं मारू."

मी बाह्या सरसावल्या. ते खाद्य बाहेर काढलं, नवं मिश्रण केलं. अण्णा थेंब थेंब तेल सोडत होते आणि मी भांड्यात नाक खुपसून ओरडत होतो, "अजून! अजून जरा! बास!" मग दोन कोट. भांडी भरली. आधी एक कोंबडी आली, चोच मारून बघितली. मग अशी झुंबड उडाली की अण्णा माझे दोन्ही हात धरून नाचले. मीही नाचलो, चांगला बूट घाणीत बुडवून!

तेव्हापासून मिश्रणाच्या दिवशी मी हजर. बॅच निघाली तेव्हा वजन झकास भरलं. सुपरवायझर स्वतःहून म्हणाला, "अण्णा, पुढची बॅचही तेलावरच घ्या." अण्णांनी मोटारसायकलवरून येता-जाता दिसेल त्याला ही बातमी सांगितली, सिग्नलला उभ्या असलेल्या अनोळखी माणसांनासुद्धा.

त्या संध्याकाळी पेढे द्यायला आले आणि दारातच घुटमळले. "राव, जरा वर येता का? एक काम व्हतं. नाकाचंच."

वर गेलो. त्यांनी कपाट उघडलं आणि तळातून काकूंची एक साडी काढली. न धुतलेली, घडी तशीच. दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापुढे धरली.

"शेडवर हीच साडी नेसायची. अजून वास येतो का, तेवढं सांगा. मला कळत न्हाई."

मी साडीला नाक लावलं. बराच वेळ काही लागेना. अण्णा माझ्या तोंडाकडे बघत उभे.

"येतोय," मी म्हणालो. "खोबरेल. थोडा ओवा. आणि मागून हलकासा... कोंबड्यांचा."

"कोंबड्यांचाबी?" अण्णांचा चेहरा एकदम उजळला. "मग हिचाच हाय राव तो!"

त्यांनी साडी छातीशी धरली, मग घडी न मोडता पुन्हा तळाशी ठेवली आणि वास उडून जाऊ नये म्हणून कपाट घाईघाईने लावून घेतलं.