शून्य फरकाचा सूर्य

वीज कार्यालयाच्या नव्या नियमानुसार, छतावर सोलर पॅनल बसवणाऱ्या प्रत्येकाने उद्या किती ऊन पडणार हे आज संध्याकाळी पाचपर्यंत, पाव-पाव तासाच्या तपशिलासह, लेखी कळवायचे होते. यात गैर काहीच नव्हते. बाजारात वीज आदल्या दिवशी विकली जाते. मग उन्हानेच न कळवता यायचा आगाऊपणा का करावा?

इस्त्रीवाल्या मावशींनी पॅनल बसवले ते हौसेने नव्हे. कोळशाच्या धुराने त्यांची छाती पोखरली होती आणि डॉक्टरांनी "इस्त्री तरी बदला, नाहीतर धंदा तरी," असे बजावले होते. विजेच्या इस्त्रीवर महिना सुखात गेला, खोकलाही पळाला. मग एका मंगळवारी न कळवता ढग आला आणि शुक्रवारी कळवलेला ढग आलाच नाही. दोन नोटिसा हातात पडल्या. तिसऱ्या फरकाला जोडणी तुटणार होती.

"साहेब, ढग काय मला विचारून येतो?" मावशींनी कार्यालयाच्या खिडकीत तोंड घालून विचारले.

"तो तुमचा आणि ढगाचा आपसातला प्रश्न," साहेब म्हणाले. "आम्हाला कळवलेलं आणि आलेलं जुळायला हवं. कमी चालेल, जास्त चालेल, वेगळं चालणार नाही."

"आणि काहीच आलं नाही तर?"

"तसं आधी कळवलं असेल तर उत्तमच की!"

मावशींनी फॉर्मभर शून्ये भरली आणि गिऱ्हाइकांच्या ओल्या चादरी पॅनलवर वाळत घातल्या. शून्य कळवले, शून्य आले. तेव्हा कुठे त्यांना दुसरा नियम समजला: सौर जोडणीवर जेवढी वीज द्याल तेवढीच वापराल. मावशींनी माळ्यावरून कोळशाची इस्त्री काढली. जोडणी मात्र वाचली.

वर्षअखेर 'सर्वात शिस्तबद्ध सौरग्राहक' म्हणून मावशींचा सत्कार झाला. साहेबांनी सगळ्यांना त्यांचा आदर्श घ्यायला सांगितले. (लोकांनी तो घेतलाही. आता घरोघरी पॅनल आहेत, पॅनलवर चादरी आहेत.) मावशींना चार शब्द बोलायची विनंती झाली, पण खोकल्याची उबळ आली आणि त्या बोलायच्या राहिल्या.

तुम्ही होतात की तिथे, तिसऱ्या रांगेत. टाळ्या छान वाजवल्यात. सदराही कडक इस्त्रीचा होता. सकाळी तो आणायला गेलात तेव्हा "मावशी, जरा हात चालवा, हरित ऊर्जेच्या कार्यक्रमाला उशीर होतोय," असं तुम्हीच म्हणालात ना?