करिअरताईचा लागू पडलेला सल्ला

कॉलेजला करिअर सल्लागार परवडत नव्हता असं नाही; पगार द्यायचा नव्हता. म्हणून सरांनी शेवटच्या वर्षातली एक पोरगी धरली, तिच्या गळ्यात 'विद्यार्थी सल्लागार' असा बिल्ला अडकवला आणि म्हणाले, "यातून तुझाच व्यक्तिमत्त्व विकास होईल." फुकट राबवून घेण्याला इतकं गोंडस नाव दुसरं नाही. पोरं तिला करिअरताई म्हणू लागली.

करिअरताईला स्वतःला नोकरी नव्हती. पोहता न येणाऱ्यानं काठावर बसून हात कसे मारायचे ते ओरडून सांगावं, तसा तिचा सल्ला चाले. घरी वडिलांनी निकाल देऊन टाकला होता: शनिवारी कॉलेजात कंपनी येतेय, तिथं लागलीस तर ठीक, नाहीतर सोमवारपासून मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. मामा खिळे तोलून द्यायचा आणि उपदेश न तोलता.

शनिवारी सकाळी ती सराव-मुलाखतीच्या खोलीत स्वतःचीच उत्तरं घोकत होती. दारात एक पोरगेला माणूस येऊन उभा राहिला. ढगळ कोट, टायची गाठ कानाकडे सरकलेली, चेहरा पिळून वाळत घातल्यासारखा.

"हॉलला कुलूप आहे. वॉचमन म्हणाला, इथं बसा."

"बस. आणि पोक काढून नको बसू. असं बघून कोण देणार तुला नोकरी?"

"नाही, मी त्या कंपनी..."

"सगळे त्याच कंपनीसाठी आलेत. मध्ये बोलायचं नाही. आत्ता कुठं काही करतोस?"

"करतो. दोन वर्षं झाली."

"आवडतं?"

हा प्रश्न छापील यादीतला होता. उत्तर ऐकायची तिला सवय नव्हती, पण या बाबाचे डोळे भरून आले.

"खरं सांगू ताई? नाही आवडत. दिवसभर खोटं हसायचं. साहेब सांगेल ते बोलायचं. घरी आलो की गाल दुखतात."

"मग करायचंय काय?"

"सायकली दुरुस्त करायला आवडतात. काकांचं गॅरेज आहे. ते बोलावतात पण."

"मग सोड ना नोकरी. घाबरतोस कशाला? आयुष्य तुझं आहे." दुसऱ्याची नोकरी सोडताना आपलं काय जातं? करिअरताई अशी बोलत सुटली की तिचं तिलाच भरून आलं. तो ताठ बसला. गाठही सरळ केली त्यानं.

तेवढ्यात सर धापा टाकत आत आले. हातात पुष्पगुच्छ. "साहेब, तुम्ही इथं? आम्ही गेटवर वाट बघतोय. पोरं हॉलबाहेर ताटकळलीत तुमच्या मुलाखतींसाठी."

करिअरताईनं छापील यादी पाठीमागे लपवली. साहेबानं कोटाच्या खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढलं, सरांच्या पुष्पगुच्छात खोचलं आणि म्हणाला, "हे कंपनीला पाठवून द्या. ताई, उपकार झाले." आणि निघून गेला.

"काय बोललीस तू त्यांना?" सरांनी विचारलं.

"सल्ला दिला."

"अख्ख्या वर्षात तुझा एक सल्ला कुणाला लागू पडला नाही. आजच बरा पडला."

मुलाखती रद्द झाल्या. सगळ्या वर्गानं तिला शिव्या घातल्या. वडिलांनी मामाला फोन लावला.

सोमवारी ती दुकानात बिजागऱ्या मोजत होती. शेजारी मामा सांगत होता की बिजागरी म्हणजे संयम, बिजागरी म्हणजे संसार. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कंपनीतून होता.

"आमचा माणूस सोडून गेला. जाताना तुमच्याबद्दल सांगून गेला, नंबर कॉलेजातून घेतला. म्हणाला, समोरच्याच्या मनातलं काढून घेते. त्याची जागा रिकामी आहे. याल का?"

त्या जागेवर गाल का दुखतात, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"घाई नाही," पलीकडचा म्हणाला. "घरच्यांशी बोला, विचार करा."

मामा आता कडी-कोयंड्याच्या तत्त्वज्ञानाकडे वळला होता.

"केला विचार," ती म्हणाली. "आज दुपारी आले तर चालेल?"