सोबत : एकेचाळीस तक्रारी

ज्या गोष्टीचा कागद नाही ती गोष्ट घडलेलीच नाही, या तत्त्वावर आपला समाज उभा आहे. माणूस जन्मला याला दाखला लागतो, मेला याला दाखला लागतो, आणि मधल्या काळात तो जिवंत आहे हे दर नोव्हेंबरात पेन्शनच्या बँकेत जाऊन पटवून द्यावं लागतं. मग नाहूर ते मुलुंड या पट्ट्यात एके काळी रॉक संगीत वाजत होतं, हे कोणीतरी सांगितलं म्हणून कसं मानायचं?

हा प्रश्न आमच्यापुढे गेल्या वर्षी आला. 'आपला परिसर, आपला वारसा' या योजनेखाली प्रत्येक विभागानं एक मार्गदर्शित पदभ्रमण सुरू करावं, असं परिपत्रक निघालं. (पदभ्रमण म्हणजे चालणं. फरक इतकाच की चालायला नावनोंदणी लागत नाही.) शेजारच्या विभागानं देवळं घेतली, पलीकडच्यांनी विहिरी घेतल्या, आणि आम्ही बैठकीला उशिरा पोचल्यामुळे यादीत 'संगीत (रॉक)' एवढंच उरलं होतं. मी नवजागर सहकारी गृहनिर्माण संस्थेचा एकोणीस वर्षं चिटणीस आहे, तेव्हा उरलंसुरलं गळ्यात पडण्याची मला सवय आहे. निमंत्रक म्हणून मी सही ठोकली. अर्जाच्या मराठी प्रतीत रॉक संगीताचं भाषांतर 'खडक संगीत' असं केलेलं होतं, त्यामुळे पहिले दोन महिने खाणींच्या खात्याचा ना हरकत दाखला मिळवण्यात गेले. दाखला मिळाला. 'सदर संगीतामुळे कोणतंही उत्खनन होणार नाही' असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

खरी अडचण रकाना सातमध्ये होती. 'पुरावा (साक्षांकित)'.

बँड होता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. १९९५ ते ९९ अशी चार-पाच वर्षं आमच्या मागच्या चाळीतल्या चार पोरांनी आमच्या डोक्याची वाट लावली होती. सम्यक गायकवाड गिटार वाजवायचा आणि गायचा. धाकू परब ड्रम बडवायचा. (उरलेल्या दोघांपैकी एक आखातात गेला आणि एक दहिसरला. दोघांचाही पत्ता नाही.) पण फोटो नाही, जाहिरात नाही, बक्षीस नाही. एक कॅसेट होती, तिच्यावर पुढे धाकूच्या मावशीनं भजनं भरून घेतली.

अशा वेळी आमचे ज्येष्ठ सभासद शरच्चंद्र पाटणकर धावून आले. वय चौऱ्याहत्तर, नजर शाबूत, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी माळ्यावरून एक फाईल काढली. तीत या बँडविरुद्ध निरनिराळ्या नागरिकांनी पोलीस चौकीला, पालिकेला आणि एकदा थेट राष्ट्रपतींना केलेल्या एकेचाळीस तक्रारींच्या प्रती होत्या, प्रत्येकीवर पोच, तारीख आणि शिक्का. पाटणकरांच्या स्वतःच्याच त्यात सतरा होत्या. कुठे वाजलं, किती वाजता वाजलं, किती वेळ वाजलं, कोणी कोणी वाजवलं, सगळं तपशीलवार. एवढ्या निष्ठेनं तर गवयांचे शिष्यही नोंदी ठेवत नाहीत. रकाना सात भरला आणि पाटणकर पदभ्रमणाचे मुख्य मार्गदर्शक झाले.

या तक्रारींचा समितीनं अभ्यास केला. सव्वीस तक्रारींत 'धिंगाणा' हा शब्द आहे, नऊमध्ये 'हिप्पी', चारमध्ये 'परकीय संस्कृती', आणि फक्त दोघांनी 'आवाज मोठा आहे' असं म्हटलं आहे. (त्या दोघांची घरं अगदी लागून होती, त्यामुळे त्यांचं मत एकांगी मानावं लागेल.) सहा जणांनी वाजवणाऱ्यांची आडनावं वेगळ्या रेघेवर लिहून खाली दोनदा अधोरेखित केली आहेत. गिटारीतून आडनाव ऐकू येत नसल्यामुळे ही माहिती त्यांनी स्वतंत्रपणे मिळवली असणार. त्या काळचा नागरिक किती चौकस होता, हे यावरून दिसतं. त्याच वर्षांत आमच्या कंपाउंडात नऊ नऊ दिवस कर्णे लागायचे, त्यांच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. त्याला आवाज म्हणत नाहीत. त्याला वातावरण म्हणतात.

मार्गावर एकूण सात स्थळं आहेत. पहिलं म्हणजे आमच्याच सोसायटीची पंपाची खोली. आमच्या तेव्हाच्या वॉचमननं पोरांना किल्ली दिली, आणि एका संध्याकाळी गिटार चालू, पंप बंद असं होऊन सी विंगच्या नळाला पाणी आलं नाही. वॉचमनला काढलं. दुसरं स्थळ पिठाची गिरणी. गिरणीच्या घरघरीत आपला आवाज लपेल, असा पोरांचा हिशेब होता आणि तो आठ महिने बरोबर ठरला; मग एके दिवशी वीज वाचवायला गिरणी मध्येच बंद केली आणि लोकांच्या लक्षात आलं की घरघर चालूच आहे. त्या तक्रारीत 'हल्ली दळण जाडंभरडं येतं' असंही जोडलेलं आहे. तिसरं स्थळ मंगल कार्यालय. तिथे कुठल्याशा वधुपित्यानं फोनवर 'बँड पाहिजे' एवढंच सांगितलं होतं. त्याला पिपाण्या हव्या होत्या. वरात दारात आली, घोडं गिटारीला बुजलं, आणि नवरदेव जो निघाला तो थेट मुलुंड चेक नाक्यावर सापडला. तक्रारदार, मुलाचे मामा. चौथं स्थळ पोलीस चौकी, जिथे ड्रम चार दिवस जमा होता. पंचनाम्यात त्याची नोंद 'ढोल, लाथेने वाजवावयाचा, नग एक' अशी आहे. उरलेल्या तीन जागांवर टॉवर झाले आहेत, ती स्थळं मान वर करून अनुभवायची.

प्रत्येक स्थळी पाटणकर थांबतात, चष्मा लावतात आणि संबंधित तक्रार मोठ्यानं वाचून दाखवतात. लोक टाळ्या वाजवतात. संगीत ऐकवलं जात नाही, कारण त्याला परवानगी लागते. तरुण मुलंमुली तर पाटणकरांबरोबर फोटो काढतात. मृणालिनी नावाच्या एका पत्रकार मुलीनं त्यांना विचारलं, "काका, तुम्ही ही गाणी ऐकलीत, केवढं लकी ना?" पाटणकर म्हणाले, "ऐकली कुठे? सुरू झालं की मी चप्पल घालायचो."

आणि इथेच या बँडची एक ऐतिहासिक खासियत सांगायला हवी. एकेचाळीस तक्रारींपैकी एकेचाळीसांवर कारवाई झाली. म्हणजे या पट्ट्यात या बँडचं एकही गाणं कधी कोणाला शेवटापर्यंत ऐकू आलेलं नाही. शेवट कसा आहे, हे वाजवणाऱ्यांशिवाय कोणालाही ठाऊक नाही. प्रशासनाची अशी शंभर टक्के कामगिरी इतर कुठल्या खात्यात झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

यावर्षी पदभ्रमणाच्या औपचारिक उद्घाटनाच्या आधी सम्यक माझ्याकडे आला. आता तो अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे आणि लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. वर सांगितलेल्या तीन टॉवरांपैकी दोनांच्या लिफ्ट तोच बघतो.

"काका, एक काम होतं," तो म्हणाला. "उद्घाटनाच्या दिवशी एक गाणं वाजवू द्या ना. एकच. साडेपाच मिनिटं."

"कशाला रे? पाटणकर वाचतात ना."

"आईसाठी. ती हॉस्पिटलात आया होती, तिची ड्यूटी दोन ते दहा. आमचं कधी ऐकायला मिळालंच नाही तिला. दोनदा रजा टाकून आली, दोन्हीदा मध्येच बंद पडलं. आता डावा कान गेलाय. उजव्याला मशीन आहे, पण डॉक्टर म्हणतात तोही फार दिवस नाही. रोज विचारते, त्या गाण्यात शेवटी काय होतं रं? सांगून कसं कळणार? ते ऐकायला पाहिजे."

मी काही दगड नाही. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, "अर्ज कर."

अर्ज मंजूर झाला, अटी फक्त अकरा. ड्रमवर चादर टाकावी. स्पीकरचं तोंड भिंतीकडे असावं. वेळ दुपारची नसावी (वामकुक्षी), संध्याकाळी सहानंतरची नसावी (मालिका), आणि सकाळची तर नसावीच. उड्या मारू नयेत. केस बांधावेत. (दोघांनाही टक्कल आहे, पण अट सर्वांना सारखी.) शेवटी रविवारी पावणेसहाची वेळ ठरली. चौकीला पत्र दिलं, पोच घेतली.

त्या रविवारी आमच्या कंपाउंडात त्रेसष्ट माणसं जमली आणि त्यांच्या हातात सत्तावन्न फोन होते. सम्यकची आई द्रौपदीबाई पहिल्या रांगेत, पांढरीशुभ्र साडी नेसून, उजवा कान पुढे करून बसल्या होत्या. वय एकोणऐंशी. सम्यकनं त्यांच्या मशीनमध्ये नवा सेल घातला आणि दोनदा विचारलं, "येतंय ना ऐकू?" त्या म्हणाल्या, "समदं येतंय. तू वाजव की आता!" त्याआधी अर्थातच पाच मान्यवर बोलले. रॉक संगीतानं बंडखोरी शिकवली, असं पाचही जण म्हणाले. पाटणकरांना शाल मिळाली.

पाच एकोणपन्नासला गाणं सुरू झालं. मी घड्याळ लावून उभा होतो. खरं सांगायचं तर वाईट नव्हतं. धाकूनं चादर कधी पायानं बाजूला सारली ते कळलं नाही. द्रौपदीबाईंचा हात मांडीवर ताल धरत होता, थोडा चुकत होता, पण धरत होता. चार मिनिटं झाली आणि गेटातून हवालदार आले, बिचारे अगदी संकोचून.

"साहेब, ॲपवर तक्रार आलीय. आत्ता, दोन मिनिटांपूर्वी. लोकेशन इथलंच दाखवतंय, या कंपाउंडातलं."

"परवानगी आहे," मी म्हटलं.

"परवानगी आहे हो, पण तक्रारही आहे ना. तक्रार क्लोज करावी लागते."

हे मला पटलं. इतक्या वर्षांचा चिटणीस असल्यामुळे कुठलं बटण कशाचं, हे मला अंधारातही सांगता येतं. सम्यकनं माझ्याकडे पाहून मान हलवली, नको, नको. धाकू ओरडला, "थांबव नको हां मेल्या, वाजय तू! थोडाच रवला हा, शेवट इलो!" मी बटण बंद केलं. हवालदारांनी धाकूच्या हातातल्या काठ्या अदबीनं काढून घेतल्या.

एकदम शांत झालं. द्रौपदीबाईंनी कानाच्या मशीनवर टिचकी मारली. मग आणखी एक. मग मशीन काढून हातात घेतलं, फुंकलं, परत घातलं. त्यांचा चेहरा उतरला.

"सम्यक," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "गेला का रं कान?"

सम्यक गिटार तशीच गळ्यात ठेवून त्यांच्यापुढे उकिडवा बसला. त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "नाही गं आई. गाणं संपलं."

"असं संपतं व्हय?"

"असंच संपतं."

त्यांनी पदर नीट केला. "चांगलंय," म्हणाल्या. "पर जरा अचानक वाटतंय."

लोकांना वाटलं खरंच संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक जण तर म्हणाला, काय एंडिंग आहे यार, झकास! सम्यकनं वायर गुंडाळली आणि आईला धरून चाळीकडे घेऊन गेला. धाकूनं चादर उचलून ड्रमवर टाकली. त्याच्या काठ्या चौकीत आहेत.

बेचाळिसावी तक्रार फाईलला लावली आहे. त्यामुळे आमचं कंपाउंड आता नियमाप्रमाणे आठवं वारसास्थळ झालं असून तिथे फलक बसेल. फलकावर निमंत्रक, मार्गदर्शक, पाच मान्यवर आणि खाणींचं खातं यांची नावं आहेत. तक्रार कोणी केली ते कळत नाही, ॲपवर नाव गुप्त ठेवण्याची सोय आहे. लोक मला आजही विचारतात, कोण होता तो?

फलकाच्या मजकुरात एक जागा मात्र अजून रिकामी आहे, कारण बँडचं नाव काय होतं ते बेचाळीस तक्रारींत कुठेही नाही. गाणं कशाबद्दल होतं तेही नाही. मी सम्यकला विचारलं नाही, पाटणकरांनी विचारलं नाही, त्रेसष्टांतल्या कोणी विचारलं नाही. आणि तुम्ही? इथपर्यंत आरामात वाचत आलात, घोडं बुजलं तिथे हसलात, आईपाशी जरा हळहळलात, तक्रार कोणाची याचा अंदाजही बांधलात. पण बँडचं नाव काय, गाणं कसलं, हे तुमच्या मनात एकदाही आलं नाही. तेव्हा समितीनं एकमतानं तुमचं नाव तक्रारदारांच्या यादीत घेतलं आहे. सहीपुरती जागा सोडली आहे.