चायनाटाऊनच्या देवीला नैवेद्य

२०१८ सालचा मार्च महिना. सुवर्णाबाईंना ते साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी मोरेश्वररावांची साखर दोनशे ऐंशीवर गेली आणि त्याच वर्षी आईच्या पाटल्या चायनाटाऊनमध्ये हरवल्या.

दोघं साताऱ्याहून फ्रीमाँटला मुलाकडे, शंतनूकडे, सहा महिन्यांसाठी आली होती. एका शुक्रवारी सून आश्लेषाने ऑफिसला सुट्टी टाकली आणि सासूसासऱ्यांना सॅन फ्रान्सिस्कोचं जुनं चायनाटाऊन दाखवायचा बेत आखला.

"आई, त्या पाटल्या नका घालू हं," निघताना ती म्हणाली. "सिटीत कोणी खेचल्या तर? घरीच ठेवा."

घरीच म्हणजे कुठे? त्या एवढ्या मोठ्या टाऊनहाउसात जिकडेतिकडे कपाटं, पण एकालाही कुलूप नाही! त्यात शुक्रवारी साफसफाईवाल्या यायच्या. सुवर्णाबाईंच्या आईने त्या पाटल्या जन्मभर तूरडाळीच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि येत्या दिवाळीसाठी त्या आश्लेषाला देऊन जायच्या, असं सुवर्णाबाईंनी मनाशी ठरवलं होतं. त्यांनी पाटल्या हातरुमालात बांधल्या, नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात तळाशी ठेवल्या आणि वर मोजून आठ रव्याचे लाडू रचले. चिनी जेवणात काय निघेल कोण जाणे, म्हणून लाडू बरोबर घेतले, असं सांगायला निमित्तही झालं.

"मला एक?" मोरेश्वररावांनी विचारून पाहिलं.

"डॉक्टर काय म्हणाले? गोडाला हात लावलात तर पुढच्या विमानाने साताऱ्याला पाठवीन. एकटं."

मोरेश्वररावांनी निमूटपणे डब्याची पिशवी उचलली. बार्टच्या लोकल गाडीत ती त्यांच्याच मांडीवर होती. हेवर्ड स्टेशनच्या पुढे सुवर्णाबाईंचा डोळा लागला आणि आश्लेषा फोनवर ऑफिसचं काहीतरी निस्तरत बसली.

चायनाटाऊनच्या हिरव्या कमानीपाशी फोटो झाले. लाल आकाशकंदील, वाळवलेले मासे, रस्त्यावर मांडलेले आल्याचे ढीग बघून सुवर्णाबाई खूश झाल्या. "अगदी आपली मंडई!" त्या म्हणाल्या. मग आश्लेषाने त्यांना एका गल्लीत नेलं. तिथे चार जिने चढून गेल्यावर एक जुनं देऊळ होतं. आत उदबत्त्यांचा दाट धूर, लाल मखरात देवी आणि तिच्यापुढे संत्र्यांचे मनोरे.

देवीपुढे रिकाम्या हाताने उभं राहणं सुवर्णाबाईंना जमेना. त्यांनी डबा काढला, झाकण उघडलं. लाडू जरा खाली बसल्यासारखे वाटले, पण रव्याचे लाडू, गाडीच्या धक्क्यांनी बसणारच. त्यांनी डबा देवीपुढे ठेवला, बाटलीतलं पाणी भोवती फिरवलं आणि डोळे मिटले. आपल्याकडची रीत सरळ आहे. नैवेद्य दाखवायचा, देवी नजरेनेच जेवते आणि डबा आपण परत घरी न्यायचा.

डोळे उघडले, तर डबा नव्हता. देवळाची देखरेख करणारी म्हातारी लाऊबाई दोन्ही हातांनी डबा छातीशी धरून, वाकून वाकून आभार मानत आतल्या खोलीत चालली होती.

"अगं, माझा डबा!"

"आई, देवाला दिलेलं परत मागतात का?" आश्लेषा कुजबुजली. "ऑकवर्ड होईल यार. मी तुम्हाला नवीन डबा घेऊन देते. चला, साडेबाराचं टेबल बुक केलंय."

"बरोबर आहे तिचं. सोड गं डबा," मोरेश्वरराव म्हणाले.

रस्त्यावर येताच सुवर्णाबाईंनी नवऱ्याची बाही ओढली. "अहो, डब्यात आईच्या पाटल्या आहेत! आश्लेषाला कळता कामा नये. ती घरी ठेवा म्हणाली होती."

मोरेश्वररावांना असा ठसका लागला, की शेजारच्या चहाच्या दुकानातला माणूस पाणी घेऊन धावला. ठसका थांबल्यावर त्यांनी उजवा हात जॅकेटच्या खिशात घातला, तो हॉटेलात जेवताना काट्याने खायचं होतं तरी काढला नाही. सुवर्णाबाईंनी भाज्या भरलेलं मोदकासारखं डंपलिंग घशाखाली ढकललं आणि सुनेला म्हणाल्या, "आश्लेषा, मला परत देवळात जायचंय. प्रदक्षिणा राहिली."

"आई, देवी भिंतीला टेकून आहे. प्रदक्षिणा घालणार कुठून?"

"मग साष्टांग नमस्कार राहिला."

"तुमचे गुडघे!"

"गुडघे देवी बघेल."

पुन्हा चार जिने. वर दाराला कुलूप! तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने खुणेने सांगितलं, की लाऊबाई बागेत गेली. खाण्याची खूण करून त्याने बोटं चाटून दाखवली.

बागेत पन्नासेक म्हातारे चौकोनी टेबलांभोवती पत्ते कुटत होते. पहिल्याच टेबलावरच्या आजोबांच्या मिशीला रवा लागलेला होता. "हे बघ!" सुवर्णाबाई ओरडल्या आणि थेट त्यांच्या डावात शिरल्या. "लाडू? डबा? कुठे?" आजोबांना वाटलं, बाई त्यांचे पत्ते सांगतेय. ते खवळले, पलीकडचा म्हातारा हसत सुटला, डाव उधळला आणि आश्लेषा "सॉरी, सॉरी" करत जमिनीवरचे पत्ते गोळा करू लागली.

"आई, एका डब्यासाठी एवढं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "अगं, डब्यात पाटल्या आहेत. तुझ्यासाठी आणलेल्या!" एवढं बोलून सुवर्णाबाई बाकावर बसल्या आणि त्यांना रडूच फुटलं.

आश्लेषा रागवायचं विसरली. तीही शेजारी टेकली. "माझ्यासाठी?" एवढंच म्हणाली.

तेवढ्यात समोरून लाऊबाई आली. डबा घासून लख्ख केलेला आणि संत्र्यांनी भरलेला होता. परत देताना डबा रिकामा द्यायचा नाही, ही रीत तिलाही ठाऊक होती. सुवर्णाबाईंनी झडप घातली, संत्री चाचपली. रुमाल नाही.

"दे इकडे, मी बघतो." मोरेश्वरराव एकदम पुढे झाले. खिशातला हात बाहेर आला, डब्यात गेला, बराच वेळ आत खुडबुडला आणि रुमाल घेऊन वर आला. "हे काय! तळाशीच तर आहे. देवीची कृपा, दुसरं काय!"

आश्लेषाने टाळ्या वाजवल्या. पत्तेवाल्या म्हाताऱ्यांनीही वाजवल्या. लाऊबाईने खूश होऊन हाताचा पंजा दाखवला. "फाइव्ह! ऑल गुड! ऑल फिनिश!"

सुवर्णाबाईंनी त्या पाच बोटांकडे पाहिलं. मग हातातल्या रुमालाकडे. घासलेल्या डब्यातून निघालेला रुमाल तुपाने माखलेला होता आणि खिशात राहिल्यासारखा गरम लागत होता. गाठ तर त्यांनी मारलेली नव्हतीच; बुटाच्या नाडीसारखी, फुलाची.

परतीच्या गाडीत त्यांनी हळूच सांगितलं, "मी देवीला नवस बोलले होते. पाटल्या मिळाल्या तर हे वर्षभर गोड सोडतील. साखरेचा चहासुद्धा."

"पण नवस तू बोललीस, तर..."

"बाबा, देवीने एवढं केलं!" आश्लेषा म्हणाली.

मोरेश्वररावांनी बायकोकडे पाहिलं आणि देवळाच्या दिशेने हात जोडले.

त्या दिवाळीला पाटल्या, साताऱ्याला परतलेल्या सासूसासऱ्यांच्या साक्षीने, व्हिडिओ कॉलवर, आश्लेषाच्या हातात चढल्या. एरवी त्या तिच्या स्वयंपाकघरात तूरडाळीच्या डब्यात असतात. शंतनूला ही जागा अजून माहीत नाही. नाव कोरलेला डबा फ्रीमाँट आणि चायनाटाऊन यांच्यामध्ये फेऱ्या मारतो, जाताना लाडू, येताना संत्री, कारण लाऊबाई आणि आश्लेषा दोघींपैकी कुणालाच तो रिकामा पाठवता येत नाही. मिशीवाले आजोबा आता पत्ते टाकून लाडवांच्या वाटणीला पहिले हजर असतात. मोरेश्वररावांची साखर एकशे दहावर आली आणि साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्यांचा दाखला चार पेशंटना दिला.

वर्ष संपलं त्या सकाळी सुवर्णाबाईंनी त्यांच्यापुढे एक लाडू ठेवला. लाडू तोंडात गेल्यावर मोरेश्वररावांना पाझर फुटला. "अगं, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी गाडीत मी..."

"तीन खाल्लेत. त्या बागेतच कळलं होतं."

"कळलं होतं? मग देवीला नवस कशाला बोललीस?"

सुवर्णाबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. "कसला नवस?"