१९४८चा शिक्का

फदेय येगोरोविचने जराही घासाघीस न करता हेल्मेट देऊन टाकलं, तेव्हाच इन्नोकेंतीच्या मनात पाल चुकचुकली. बदल्यात घेतलं काय, तर बर्फात भोक पाडायचा जुनाट गिरमिट! अख्ख्या वोलोग्द्यात हेल्मेटं जमवणारे ते दोघेच. फदेय इतका उदार कधीपासून झाला?

हेल्मेट झकास होतं. सहा रिवेटचं, महायुद्धानंतर लष्कराने नवं अस्तर आणि नवा हिरवा रंग देऊन दुरुस्त केलेलं. आत दुरुस्तीचा जांभळा शिक्का, १९४८.

"याच्या रंगाखाली कारखान्याचा मूळ शिक्का असणार," तो बायकोला म्हणाला. "बेचाळीसचा! फदेयला हे माहीत नसेल?"

"माहीत असतं तर त्यानं दिलं असतं का?" रिम्मा पिठाचे हात धूत म्हणाली.

"तेच तर कळत नाहीये!"

"केशा, तुला पोस्टमन हसला तरी संशय येतो."

ती वळताच इन्नोकेंतीने कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला. नखाएवढीच जागा पुसायची होती. खाली आणखी एक हिरवा थर निघाला. त्याने जरा जोर लावला. थिनरचा एक ओघळ शिक्क्यावर गेला आणि १९४८चं १९४ झालं, मग १९. शेवटी जांभळा डाग तेवढा उरला. तो पुसला, तर खाली नुसतं करडं लोखंड!

इतक्यात बेल वाजली. दारात फदेय, हातात गिरमिट. इन्नोकेंतीने हेल्मेटवर टॉवेल टाकला.

"ते हेल्मेट परत दे रे," फदेय म्हणाला.

आता बरी किंमत कळली, इन्नोकेंतीला वाटलं. "का?"

"असंच."

"असंच म्हणून कोणी चार जिने चढतं?"

फदेयने नाक फुगवून वास घेतला. "थिनर?"

"खिडकी रंगवतोय."

"जानेवारीत?" फदेयने सरळ आत येऊन टॉवेल उचलला. आत पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसला. त्याचे डोळे भरून आले.

"म्हणजे तू ओळखलंस. तो शिक्का मीच मारला होता रे, नातीच्या खेळण्यातल्या रबरी आकड्यांनी. कबूल करायला आलो, तर तू चार लोकांत बोभाटा न करता गुपचूप पुसूनही टाकलास! माझी लाज राखलीस."

इन्नोकेंतीने तोंड उघडलं. रिम्माने डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं.

"मित्र म्हटल्यावर एवढं करावंच लागतं," तो पुटपुटला.

रिम्माने चहा ओतला. फदेयचा जीव भांड्यात पडला होता. त्याने दुसऱ्यांदा मुरांबा वाढून घेतला.

"आता तुझ्यापासून काय लपवायचं? रविवारी घरी ये, आपण दोघं बसून निवडू. शिक्के लष्कराचे कुठले आणि माझे कुठले, माझं मलाच आठवत नाही आता!"

इन्नोकेंतीचा कप ओठांपाशीच थांबला. समोरच्या फळीवर त्याची चौदा हेल्मेटं ओळीने मांडलेली होती. त्यातली नऊ फदेयकडूनच आली होती.