कागदात बसवलेलं इंजिन

ह्या गोष्टीचा शेवट ओळखून दाखवा बरं. लावा डोकं. इंजिन पळालं की नाही, ते एखादा सांगेलही. पण शेवटी किंमत कोणी मोजली आणि कशी मोजली, ते सांगा. नाही जमायचं! भलेभले आपटलेत इथे. तुम्ही तर आत्ताच माना डोलवायला लागलात, म्हणजे तुम्ही पहिले आपटणार.

तर आमच्या शेजारचे इंजिनराव. नाव ऐकून वाटेल, रेल्वेत असतील. छे हो! उभा जन्म पाणीपट्टीच्या हापिसात गेला. रेल्वेशी संबंध एवढाच, की लग्नाला जाताना गाडी चुकली होती. (स्वतःच्याच लग्नाला. बायको अजून म्हणते, मला तेव्हाच कळायला हवं होतं.)

रिटायर झाले आणि ह्यांच्या डोक्यात आलं, की आपण छोट्या इंजिनाचं किट काढायचं. किट म्हणजे पत्र्याचे सुटे भाग, चाकं, स्क्रू आणि अंगठ्याएवढी मोटार, सगळं एका खोक्यात. गिऱ्हाइकाने घरी न्यायचं, सांगितलंय तसं जोडायचं, की वीतभर इंजिन टेबलावर पळायला लागलं पाहिजे.

आता टेबलावर पळायला हवं, म्हणजे टेबल हवं. घरात टेबल एकच, जेवणाचं. त्याच्यावर आधी रूळ आले. मग करवत आली, कानस आली, सोल्डरिंगचा धूर आला. ताटं गेली मांडीवर. पाहुणे आले की त्यांना वॉशिंग मशीनवर वाढायचं. एका पाहुण्याच्या आमटीत स्क्रू निघाला तेव्हा बायको उठली.

"अहो, रविवारी माझा भाऊ जेवायला येतोय. तो वॉशिंग मशीनवर जेवणार नाही."

"अगं, त्याच्यासमोरच इंजिन पळवून दाखवतो की!"

"दाखवा. पळालं तर टेबल तुमचं, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही पळालं तर हा सगळा पसारा माळ्यावर, आणि शिडी मी शेजारी देऊन टाकणार."

"शब्द?"

"शब्द."

इंजिनराव खूश. कारण नकाशा त्यांनी स्वतः काढला होता, आणि आपलं माप चुकत नाही अशी त्यांची ठाम समजूत. मोठ्या कागदावर एकेक भाग रेखला होता. त्याच्या झेरॉक्स काढायच्या, पत्र्यावर चिकटवायच्या आणि रेघेवरून कापायचं. दोन जोड कापले. एक स्वतः जोडायला, एक खोक्यात भरायला. कापल्यावर पट्टी लावून बघितली का? कशाला? आपलं माप!

जोडता जोडता बॉयलर झाला, म्हणजे इंजिनाचं पोट. फार सुरेख. त्यात मोटार घालायला गेले तर मोटार जाईना. थोडी दाबली. जाईना. तेल लावून दाबली. मोटार सटकून भिंतीतल्या देवळीत जाऊन बसली, पण पोटात जाईना.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पोट लहान झालं. इंजिनराव म्हणाले, मोटार फुगली.

दुपारी बायकोने फ्रीज उघडला.

"अहो, लोण्याच्या डब्यात हे काय?"

"हात लावू नकोस! मोटार आहे. उकाड्याने फुगलीय. आकसायला ठेवलीय."

"तुम्ही पण बसा जरा आत. जागा करते."

मोटार गार झाली, लोणी लागून गुळगुळीत झाली, पण आकसली नाही. शनिवार उजाडला. इंजिनरावांनी विचार केला, निदान जोडायचा कागद तरी झेरॉक्स करून खोक्यात टाकू. गेले दुकानात. झेरॉक्सवाला भला माणूस. त्याने कागद काचेवर ठेवला आणि विचारलं, "काका, ह्या वेळी पण बसवून देऊ का?"

"बसवून म्हणजे?"

"मागचा तुमचा नकाशा कागदात मावत नव्हता ना. कडा कापल्या जात होत्या. मी जरासा लहान करून छान बसवून दिला. एवढुसाच केला हो, कळणार पण नाही."

इंजिनरावांनी काउंटर धरला. "मला सांगितलं का नाहीस?"

"त्यात काय सांगायचं, काका? घरचंच समजतो मी तुम्हाला."

बघा आता. भांडायलाही जागा ठेवली नाही माणसाने. अख्खं इंजिन अंग चोरून बसलेलं, आणि मोटार बिचारी बरोबर होती. नवीन पत्रा कापायला वेळ कुठला? रविवारी दुपारी मेहुणा दारात.

मेहुणा म्हणजे खराखुरा इंजिनीअर. पूल बांधतो. (एक अजून अर्धाच आहे, पण तो विषय जेवताना काढायचा नाही.) आल्या आल्या म्हणाला, "काय भावोजी, तुमचं डबडं चालतंय का?"

"बस तर खरं," इंजिनराव म्हणाले. "मी खालून करंट सोडतो."

टेबलावर चारी बाजूंनी जमिनीवर लोळेल एवढी मोठी चादर घातलेली. इंजिनराव चादर उचलून आत गेले. आत काय होतं? जुन्या रेडिओच्या स्पीकरचा लोहचुंबक, हा एवढा! आणि इंजिनाच्या रिकाम्या पोटात मोटारीच्या जागी मूठभर लोखंडी खिळे. रूळ पितळेचे, त्यामुळे तिकडून काही अडचण नाही. खाली चुंबक सरकला की वर इंजिन सरकणार.

"सोडा!" मेहुणा म्हणाला.

आणि इंजिन निघालं! ऐटीत, डौलात, जराही आवाज न करता. मेहुण्याने हात जोडले. "वा भावोजी! काय स्मूथ पिकअप आहे!"

खाली इंजिनरावांना चेव चढला. त्यांनी चुंबक वर दाबला आणि वेग वाढवला. त्याबरोबर आमटीचा चमचा उठला आणि इंजिनामागे चालू लागला. त्याच्यामागे दुसरा चमचा. मग मेहुण्याच्या स्कूटरच्या चाव्यांचा जुडगा डब्यासारखा मागे लागला. अशी ती मिरवणूक वळणावरून लोणच्याच्या बरणीला वळसा घालून निघाली.

"चमचे का चालतायत?" बायकोने विचारलं.

"ताई, तुला नाही कळायचं," मेहुणा म्हणाला. "याला इंडक्शन म्हणतात. आम्हाला होतं शिकायला."

 बायकोने हातातली वाटी मुद्दाम खाली सोडली आणि ती उचलायला वाकून चादरीचं टोक वर केलं. आत इंजिनराव उताणे. डोक्याला टेंगूळ, छातीवर चुंबक, घामाने भिजलेले. चार डोळे एकमेकांना भिडले. इंजिनरावांनी चुंबक पोटावर ठेवला आणि हात जोडले.

बायकोने चादर हळूच खाली सोडली. वर येऊन म्हणाली, "अहो, करंट जरा जपून सोडा. भात सांडेल."

मेहुणा इतका भारावला की दुसरा जोड भरलेलं खोकं त्याने काखेतच मारलं. "हे मी नेतो. मीच जोडतो. आमच्या हापिसात दाखवतो सगळ्यांना!" इंजिनराव नको नको म्हणत होते, पण टेबलाखालून माणूस किती आग्रह करणार?

तो गेल्यावर इंजिनराव बाहेर आले, अंग झटकलं आणि घसा साफ केला. "पळालं. शब्द दिला होतास."

"दिला होता. टेबल तुमचं." बायको शांतपणे रूळ गोळा करायला लागली. "फक्त पळवलं कुठून, तेवढंच बघायचं. खालची बाजू तुमची, वरची आमची."

झालं! त्या दिवसापासून करवत, कानस, खिळे, सगळा कारखाना टेबलाखाली. वर घरची माणसं ऐसपैस जेवतात आणि खाली इंजिनराव कोणाच्या पायाची लाथ चुकवत सोल्डरिंग करतात. पाहुणे आले की बायको पायानेच टेबलाला ठोकर मारते. "अहो, गाडी सोडा!"

तुम्ही म्हणाल, ही किंमत. थांबा की.

थोड्या दिवसांनी मेहुण्याचा फोन आला. आवाज पार रडवेला. हापिसातली माणसं रविवारी घरी जेवायला बोलावून बसला होता पठ्ठ्या.

"ताई, किट सगळं जोडलं. पण मोटारच बसत नाही, आणि इंजिन जागचं हलत नाही. भावोजींना विचार ना, किटमधला कुठला भाग राहिला का?"

बायकोने वाकून चादर उचलली. आत इंजिनराव पत्रा कापत होते. त्यांनी जोरजोरात मान हलवून नको नको केलं आणि डोकं टेबलाला आपटलं.

"राहिलाय रे एक भाग," बायको फोनमध्ये म्हणाली. "रविवारी चुंबकासकट पाठवते. चादर लांब घाल. आणि हो, ताट त्यांना खालीच वाढ."